ओठांना लागलेली पुतळी

भास्कर,

तुझी डबी वहिनींनी माझ्या हवाली केली. "यातलं त्यांनाच कळायचं. आता तुम्हांला कळेल, भाऊजी," असं म्हणाल्या. वहिनींचा माझ्याबद्दल पहिल्यापासूनच गैरसमज आहे.

डबीत वरच्या थरात खरी नाणी, खालच्या थरात खोटी, मध्ये तांबड्या मखमलीचा तुकडा. काल दुपारी तुझा दहावा आटोपून महाडला घरी आल्यावर मी ती सगळी जाजमावर दोन ओळींत मांडून बसलो होतो. आमच्या मांजरीने उंदरामागे उडी घेतली आणि एका क्षणात खरंखोटं एक झालं. मग दिवेलागणीपर्यंत मी भिंग डोळ्याला लावून बसलो. एक पुतळी उचलावी तर वाटे, हीच अस्सल. दुसरी उचलावी तर वाटे, छे, ही. इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसून मी काही शिकलो असा माझा समज होता. काल कळलं, की मी नाण्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तुझी डावी भुवई वर गेली की मी मोठ्या गंभीरपणे म्हणायचो, "खोटी." आणि तू म्हणायचास, "वकिला, तयार झालास की रे!"

आता ती भुवई कुठून आणू?

वाचनालयाची मंडळी तुझी शोकसभा भरवणार आहेत. अध्यक्षस्थानी कोण बसावं यावरून दोन तट पडले आहेत, त्यामुळे तुझ्याबद्दलचा शोक तूर्त लांबणीवर आहे. ठराव मात्र तयार आहे. "कधीही भरून न येणारी हानी" हे शब्द त्यात आहेतच. हाच ठराव गेल्या वर्षी पेन्शनर मामलेदारांसाठी झाला होता. नावाच्या जागी तेवढा कागद चिकटवला आहे. मला म्हणाले, तुम्ही जिवलग मित्र, तेव्हा जन्म, शिक्षण, परीक्षा, समाजसेवा अशी माहिती लिहून द्या. मी सांगितलं, ती पोलादपुराला त्याच्या दवाखान्याच्या पाटीवर आहे, जाऊन उतरवून घ्या. मला जे लिहायचं आहे ते सभेत वाचता येणारं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं, आणि अर्धं भांडण घेऊन जगायचं कसं हे तू कुणालाच शिकवलं नाहीस.

तू मला पहिल्यांदा पुतळी ऐकवलीस तो दिवस आठवतो. ऐकवलीस म्हणतो, कारण दाखवायला तू तयारच नव्हतास. दवाखान्यातले रोगी संपले होते. तू मला डोळे मिटायला लावलेस आणि पाट्याच्या काळ्या दगडावर एकामागून एक दोन नाणी टाकलीस. पहिलं टणकन वाजलं, सगळी खोली भरून गेली. दुसरं अगदी हळू वाजलं. पण संपलं असं वाटावं तर अजून वाजतच होतं.

"सांग, सोनं कोणतं?"

"पहिलं," मी म्हणालो. मी वकील. आवाजावरच माझं पोट.

तू इतका हसलास की टेबलावरचं क्विनाईन सांडलं. "अरे, ते पितळ! फार खणखणलं की समजावं, पितळ आहे. सोनं हळू बोलतं, पण बराच वेळ बोलतं."

पुढे कोर्टात समोरचा वकील गरजायला लागला की मला हे वाक्य आठवायचं आणि हसू दाबताना माझाच मुद्दा निसटायचा. मी किती दावे तुझ्यामुळे हरलो असेन!

व्हेनिस नावाच्या कुठल्याशा गावी पाडलेलं नाणं समुद्र ओलांडून आलं आणि आपल्या बायकांच्या माळेत पुतळी होऊन बसलं, याची तुला भारी मौज वाटायची. एका बाजूला गुडघे टेकलेला त्यांचा राजा आणि पुढे उभा असलेला साधू; दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या वेढ्यात त्यांचा देव. आमच्या आईने त्या राजाला आणि साधूला जन्मभर राम-सीता समजून हळदकुंकू वाहिलं. तिला खरं सांगायला तू निघाला होतास. मी तुला ओसरीवरून ढकलत बाहेर नेलं होतं.

आपलं जुनं भांडण तिथलंच. आपल्याकडच्या सोनारांनीही पुतळ्या घडवल्या. सोनं चोख, पण ठसा नकली. लॅटिन अक्षरं येईनात, म्हणून कडेने नुसत्या काड्या ओढलेल्या. मी म्हणायचो, सोनं खरं आहे ना, मग पुतळी खरी. तू म्हणायचास, "नाही. ती जी नाही ते आहे असं सांगते. म्हणून खोटी." मी म्हणायचो, या हिशेबाने आपल्या तालुक्यातले निम्मे प्रतिष्ठित गृहस्थ खालच्या थरात जातील. तू म्हणायचास, "मखमल अपुरी पडेल, एवढीच अडचण."

त्या रावबहादुरांचा सत्कार तुला आठवत असेल. कमान, बँड, गुलाबदाणी, आणि तीन वक्त्यांनी केलेली तीच ती सूर्याची उपमा. शेवटी तबकातून एक होन आला. गडाच्या पायथ्याशी सापडलेला, ऐतिहासिक, तेजस्वी वगैरे. तू जाणकार म्हणून तुला व्यासपीठावर बसवलं होतं, ही त्यांची चूक. तू तो उचललास, कानाशी नेलास, टेबलावर टाकलास. टणकन वाजला. रावबहादुरांनी नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच राहिले.

चिटणीस म्हणाले, "डॉक्टर, गडाखाली नाते गावाजवळ सापडला आहे हो!"

"सापडला असेल," तू म्हणालास. "माझी छत्रीही तिथेच हरवली. तीही एखाद्या सत्काराला येईल."

त्यानंतर दोन वर्षं तुला कुणी कुठल्या सभेला बोलावलं नाही. तुला वाटलं, त्यांनी सूड उगवला. मला वाटतं, ते तुझं बक्षीस होतं. भास्कर, नाण्याच्या बाबतीत तुला खोटं बोलताच येत नसे. रोग्यांशी मात्र तू सर्रास खोटं बोलायचास. ज्याची नाडी बुडत चालली त्याला सांगायचास, "पेज घे, चार दिवसांत नांगर धरशील." आणि माणसं विश्वास ठेवायची. कुणी कुणी खरंच नांगर धरायची.

म्हणूनच डोंगरवाडीच्या भागूबाईची पुतळी आली तेव्हा तू निकाल टाळलास, आणि मला भीती वाटली.

विलायतेच्या पौंडाने सोन्याशी काडीमोड घेतला आणि इकडे भाव चढला. मुंबईच्या सराफी पेढ्यांचे दलाल तराजू घेऊन थेट डोंगरातल्या वाड्यांपर्यंत चढू लागले. बायकांच्या गळ्यातल्या माळा आटवायला चालल्या. तू महिनाभर जेवणावरून रागाने उठायचास. "तीनशे वर्षांचं नाणं रे, आणि हे त्याची लगड करतात!" उमरठच्या वरच्या डोंगरात एक कुणब्यांची वाडी आहे, तिथेही असाच एक दलाल पोचला. वाडीत एकच पुतळी होती आणि ती कुणाच्याच मालकीची नव्हती.

त्यांची रीत तूच मला सांगितलीस. माणूस गेलं की त्याच्या तोंडात सोनं घालावं असं शास्त्र. पण घरोघर सोनं असायला ती काय पेशव्यांची पुण्यनगरी होती? म्हणून सगळ्या वाडीत मिळून एक पुतळी. कुणी गेलं की ती दुधात बुडवायची, मेलेल्याच्या ओठांना लावायची आणि परत घ्यायची. लावणारी मोठ्याने विचारते, "सोनं लागलं?" आणि मेलेल्याच्या घरच्याने उत्तर द्यायचं, "लागलं." परक्याचं उत्तर चालत नाही. उत्तर आल्याशिवाय तिरडी उचलायची नाही. पुतळी सांभाळण्याचा मान एका घराचा, सासूकडून सुनेकडे आलेला. आता तो भागूबाईकडे होता. वाळलेल्या खारकेसारखी म्हातारी, जीभ कोयत्यासारखी.

दलालाने ती पुतळी हातावर घेतली, दोन बोटांत चोळली, पितळेचा वास येतो का म्हणून बोटं हुंगली आणि हसून परत दिली. एवढंच. पण भागूबाईचा पुतण्या धोंडू मुंबईला गिरणीत होता. गणपतीला आला, त्याने हे ऐकलं आणि सरळ म्हणाला, काकीने खरी पुतळी विकली आणि पितळेची ठेवली. म्हणजे गेल्या काही वर्षांत जे गेले, धोंडूचा बाप त्यातच, ते सगळे सोन्यावाचून गेले.

ती दोघं तुझ्या दवाखान्यात आली त्या दिवशी मी तिथेच होतो. भागूबाईने कनवटीची गाठ सोडून पुतळी तुझ्या टेबलावर ठेवली. हाताने ठेवली, टाकली नाही.

"बगा दाक्तर. ह्या मुंबयवाल्याला सांगा खरी का खोटी. मंग ह्याची जीब मी कापतंय का माजी, त्ये ठरवू."

"काकी, उगाच तमाशा नको," धोंडू म्हणाला. "डाक्टरसायेब, आपल्याला फक्त फायनल पायजे."

"फायनल मंजी काय रं?"

"शेवटचं."

"शेवटचं मंजी मरान. त्ये तर मना बी पायजे."

तू पुतळी उचललीस. भिंगाखाली धरलीस. दगडावर टाकली नाहीस. मी तुझ्या डाव्या भुवईकडे पाहत होतो. ती हललीही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मला वेळ लागेल," तू म्हणालास. "पुन्हा या."

ती दोघं पुतळी घेऊन गेल्यावर ती कशी होती ते तू मला सांगितलंस. साधूच्या गुडघ्याशी खालचं तांबूस पितळ दिसत होतं. कडेला अक्षरं नव्हती, काड्याच होत्या. पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ती झिजलेली होती. कडा, राजाची टोपी, चांदण्यांचे खळगे, सगळं बोटांनी आणि ओठांनी गुळगुळीत झालेलं. "काल बदललेली नाही ती, वकिला. भागूबाईने नाही, तिच्या सासूने नाही, तिच्या आजेसासूनेही नाही. ही वाडीत आली तीच खोटी. कुणीतरी पहिल्याच माणसाला फसवलं."

"मग तेच सांग. म्हातारी सुटेल."

"म्हातारी सुटेल आणि मेलेले सगळे अडकतील. त्यांच्या वाडीत आजवर कुणालाच सोनं लागलेलं नाही असं सांगू? धोंडूच्या बापाला नाही, त्याच्या बापाला नाही, बाळंतपणात गेलेल्या त्या पोरीला नाही?"

"मग खरी म्हण."

"ते मला जमत नाही."

"रोग्यांशी जमतं की!"

तू माझ्याकडे पाहिलंस, आणि त्या पाहण्यात चिडण्यापेक्षा थकवा जास्त होता. "रोग्याला बरं होण्याची शक्यता असते रे. पितळेला सोनं होण्याची नसते."

मी तेव्हा तुला पुष्कळ बोललो. म्हणालो, हे तुझं सत्य म्हणजे तुझी चैन आहे. रावबहादुराची फजिती करताना ते स्वस्त पडलं. आता त्याची किंमत एक म्हातारी देणार आहे, तू नाही.  तू उठून हात धुतलेस, आणि इतका वेळ धुतलेस की मला बोलणं थांबवावं लागलं.

भागूबाई त्यानंतरही येत राहिली. कधी मोळी विकायला उतरली की, कधी नुसतीच. "ठरवलंत का दाक्तर?" "नाही गं अजून." "बरं." तिने कधी घाई केली नाही. घाई धोंडूला होती. त्याने मुंबईहून सांगावा धाडला, की शिमग्याला सगळे चाकरमानी येतील, गावकी बसेल, आणि तोवर डॉक्टरांचा निकाल आला नाही तर काकीचं घर वाळीत. मान काढून घेतला तर ती जगली असती, भास्कर. वाळीत टाकली तर ती मेली असती, आणि तिच्या ओठांना लावायला खोटी पुतळीसुद्धा कुणी आणली नसती. हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, "माहीत आहे." मग पौषात तुझ्या पायांवर सूज आली. तुझ्या रोग्यांना तू जे सांगायचास ते तुला सांगायला कुणी उरलं नाही.

मी होतो. मी प्रयत्न केला. शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी, सर्व्हिस मोटारीने धूळ खात मी पोलादपुराला पोचलो तेव्हा तू उशांना टेकून बसला होतास आणि श्वास घेताना खांदे उचलत होतास. मी म्हणालो, रंग सुधारलाय, आठवड्यात हिंडायला लागशील, चैत्रात आपण दोघं उमरठला जाऊ.

"फार खणखणतोयस," तू म्हणालास.

 खिडकीतून सावित्रीचं पात्र दिसत होतं, कोरडे धोंडे आणि मध्ये पाण्याची एक दोरी. तू बराच वेळ तिकडे पाहत होतास. मग म्हणालास, "वाडीवर माणूस धाड. मी गेलो की भागूबाईची पुतळी माझ्या ओठांना लावायची."

"तुला ताप चढलाय."

"दोघांत डॉक्टर मी आहे."

"भास्कर, तुझ्या डबीत अस्सल पुतळ्या पडल्या आहेत!"

"त्या तू घे. तुला नाहीतरी ओळखू यायच्या नाहीत."

"ती खोटी आहे. तूच म्हणालास."

तू डोळे मिटलेस. "तुला म्हणालो. वाडीवर म्हणालोय का कधी?" आणि मग थोड्या वेळाने, श्वास गोळा करून, "लावशील ना?"

मी हो म्हणालो. रोग्याला म्हणतात तसं. मला वाटलं, भ्रम आहे. जन्मभर ज्याने खोटं नाणं हातात धरल्यावर हात पुसले, तो शेवटी तेच तोंडाला मागतो, यात मला तुझी हार दिसली. माणूस मात्र मी तेव्हाच धाडला. तुझा कंपाउंडर काठी घेऊन निघाला.

तू सकाळी गेलास. त्या सकाळीबद्दल मी काही लिहिणार नाही.

दुपारपर्यंत पोलादपुरातले सगळे वजनदार लोक अंगणात जमले होते आणि सगळ्यांना घाई होती. जिवंतपणी ज्यांना तुझ्याकडे यायला सवड नव्हती त्यांना तुला पोचवायची मोठी तातडी. तुझा चुलतभाऊ मडकं हातात घेऊन उभा. भटजींनी गंगाजलाची लोटी उघडली, तोंडात घालायची सोन्याची फुली काढली. मी म्हणालो, थांबा. कशाला? पुतळी यायची आहे. कुठली? मी सांगितलं.

भटजींचा चेहरा आंबट झाला. "वकीलसाहेब, कुणब्यांच्या मढ्यांच्या तोंडाला लागलेली ती! ब्राह्मणाच्या मुखी?"

"तुमच्या लोटीत काय आहे?"

"गंगोदक."

"मग काशीला जाऊन बघा भटजीबुवा, गंगेला किती मढी लागतात ती. त्यात ब्राह्मण किती, तेही विचारून या. आम्ही थांबतो."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, असल्या वेळी कसले विनोद. मला विनोद सुचत नव्हता रे, मी वेळ काढत होतो. अंतिम इच्छेचं कलम काढलं, साक्षीदार आहे म्हणालो, नसलेली कलमं सांगितली. उन्हं पायरीवरून उतरून तुळशीपाशी आली. वाडी लांब, वाट डोंगराची. कंपाउंडर पोचला असेल का, म्हातारीला चालवेल का, आणि आली नाहीत तर तुला शब्द दिलेला मी तुझ्याकडे कुठल्या तोंडाने पाहणार, हेच डोक्यात. शेवटी मंडळी वहिनींकडे गेली. त्या दारात उभ्या राहिल्या, डोकं भिंतीला टेकून, आणि एवढंच म्हणाल्या, "ते म्हणाले ना? मग तीच."

भागूबाई आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पायांत वहाणा नव्हत्या, टाचा फुटलेल्या. तिच्यामागे वाडीतले दहाबारा जण, आणि सगळ्यांच्या मागे धोंडू. शिमग्यासाठी तो आधीच गावी आला होता. पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर संशय. त्याला पाहिलं आणि मला सगळं एकदम कळलं.  

तो भ्रम नव्हता. तो तुझा निकाल होता.

जे नाणं तू तोंडाने खरं म्हणू शकत नव्हतास, ते तू ओठांना लावून घेणार होतास. ज्याच्या घरात अस्सल सोनं आहे, ज्याची पारख साऱ्या मुलखाला ठाऊक, त्या माणसाने मरताना वाडीची पुतळी मागून घेतली; याच्यावर गावकी काय बोलणार? म्हातारी सुटली, आणि मेलेलेही सुटले. आणि तू एक शब्द खोटा बोलला नाहीस. वकील मी, आणि असला युक्तिवाद तुला सुचावा!

पण भास्कर, तू एक गोष्ट विसरलास. की विसरला नव्हतास?

भागूबाईने पुतळी दुधात बुडवली. अंगणातले सोवळे लोक मागे सरकले. ती तुझ्याशेजारी बसली, तुझ्या ओठांवरची तुळशीची पानं बोटाने बाजूला केली, आणि तिने ती लावली. तुझे ओठ निळसर झाले होते. मी तुझ्या भुवईकडे पाहिलं. सवय.

"सोनं लागलं?" तिने मोठ्याने विचारलं.

 तुझ्या चुलतभावाला रीत ठाऊक नव्हती. तो भटजींकडे पाहू लागला. भटजी आभाळाकडे. वाडीची माणसं खाली मान घालून वाट पाहत होती. परक्याचं उत्तर चालत नाही. धोंडू मात्र माझ्याकडे पाहत होता, सरळ, उलटतपासणीला उभा राहिल्यासारखा. त्याला ठाऊक होतं, की डॉक्टरांना जे माहीत ते वकिलांना माहीत.

"सोनं लागलं?" म्हातारीने पुन्हा विचारलं. या वेळी तिचा आवाज फाटला.

दारातून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घरचे तुम्हीच. सांगा."

तू स्वतः सुटलास आणि शब्द माझ्यावर टाकून गेलास. तुझी भुवई माझ्यावर टाकून गेलास. त्या क्षणी मी तुझा इतका राग राग केला, तुझ्या पायाशी उभा राहून, की मला वाटलं सगळ्यांना दिसतो आहे. मी तुला म्हणत होतो, ऊठ. एकदा डोळे उघड आणि सांग यांना, खरी की खोटी, काय वाटेल ते सांग, पण तू सांग. तू उठला नाहीस. म्हातारीने तुझ्या ओठांवरचा हात काढला नव्हता.

"लागलं," मी म्हणालो.

कोर्टात बोलतो तसं बोलता आलं नाही.  अगदी हळू आलं. मागच्या लोकांना ऐकूही गेलं नसेल. पण धोंडूला गेलं. तो पुढे आला, काकीच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि म्हणाला, "चल काकी. लागलं म्हनले."

तिने पुतळी पदराने पुसली, कनवटीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. जाताना माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, हात जोडेल. ती कशाला जोडते!

"दाक्तरांनी लय येळ लावलान," ती म्हणाली. "पन सांगितलान."

शिमग्याला गावकी बसेल तेव्हा होळीभोवती नाचण्याखेरीज पंचांना दुसरं काम उरणार नाही. मान भागूबाईच्या घरात राहील, तिच्या सुनेकडे जाईल, आणि ती पुतळी आणखी शंभर वर्षं ओठांना लागत झिजत राहील, आतलं पितळ पुरतं वर येईपर्यंत. तुझ्या मनासारखं झालं.

आणि मी इथे बसलो आहे, जाजमावर तुझी नाणी घेऊन. मला यांतलं खरं-खोटं कळत नाही, आणि खरं सांगू, ते कळावं असं आता वाटतही नाही. मला एकच गोष्ट कळायला हवी आहे. ती सांगू शकेल असा मुलखात एकच कान होता. तो शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हापासून माझ्यात वाजतो आहे. कोर्टात उभा राहिलो तरी, जेवायला बसलो तरी, अजून थांबत नाही. हळू वाजतो, आणि संपत नाही.

तू तिथेच होतास, भास्कर, हातभर अंतरावर. कसा वाजला, तेवढं सांग.